न विचारता साठवलेला चेहरा

डोक्याला मार लागल्यापासून दिगंबर सरपोतदारांना माणसांचे ना चेहरे ओळखू यायचे, ना आवाज. समोर कोण आहे ते कॅमेरा असलेलं कानातलं यंत्र सांगायचं. त्यातलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मृणाल तांबट ही शिक्षिका शाळा सांभाळून फुकट लिहायची. शेजाऱ्याकडेही असंच यंत्र आहे आणि त्यात आपला चेहरा साठवलाय हे कळताच सरपोतदार फोनवरून तिच्यावर बरसले. "मला न विचारता? खासगीपणाचा कायदा वाचलाय कधी? ताबडतोब दुरुस्त करा, नाहीतर कोर्टात खेचीन!" रुबाब असा, जणू तिला पगार तेच देत होते.

मृणालने कायदा वाचला आणि तंतोतंत पाळला.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी एक बाई चहा घेऊन समोर उभी राहिली. "या व्यक्तीची संमती नाही. ओळख सांगता येणार नाही," यंत्र म्हणालं.

"कोण गं तू? घरात कशी शिरलीस?" सरपोतदार खेकसले.

"तुमची बायको."

"मग संमती दे की! आटप लवकर!"

कुमुदिनीबाईंच्या फोनवर प्रश्न उमटला होता : तुमची ओळख यांना सांगू का? त्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. या घरात त्यांची मर्जी कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

त्यांनी 'नाही' दाबलं आणि नवऱ्यासमोर बसून तो चहा स्वतःच संपवला.