डाव्या चेनचं तेल

खालचा प्लग सुटला आणि तेल लाल आलं.

काळपट लाल, दाट. पत्र्याच्या डब्यात ते आवाज न करता पडत राहिलं. कप्पी धरून उभे असलेले दोघे गडी मागं सरकले. खाणीचे मालक हंबीरराव मोबाइलवर कुणाशी तरी तावातावानं बोलत होते, त्यांनी बोलणं अर्ध्यावर तोडून हात जोडले. "रगत हाय," एक गडी म्हणाला. दुसऱ्यानं नुसतं खाणीच्या कडेकडं पाहिलं.

कृष्णात फिटर तेवढा जागचा हलला नाही. याच पोकलेनवर त्याचा धाकटा भाऊ आकाराम ऑपरेटर होता. वर्षामागं खाणीच्या कडेनं मशीन नेताना डावी चेन एकाएकी जाम झाली. उजवी पळत राहिली. मशीन डावीकडं वळलं आणि आकारामसकट खाली गेलं. तेव्हापासून कृष्णातला झोपेत ती उजवी चेन ऐकू यायची, एकटीच पळणारी. तो उठून बसायचा आणि पहाट होईपर्यंत तसाच बसून राहायचा.

खाणीत सुरुंगानं मेलेला कुणीतरी आहे आणि तोच चेन धरतो, असं गडी सांगत. हंबीररावही तेच सांगत. त्यांना ते सोयीचंच होतं. बाहेर काढलेलं मशीन वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहिलं, कारण एकही फिटर हात लावायला तयार होईना. शेवटी कृष्णातच आला, पण अट घालून. कोंबडंबिंबडं काही द्यायचं नाही, आधी मी उघडून बघणार. लोखंड उगाच अडत नाही, त्याला कारण असतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आईलाही त्यानं तोच शब्द दिला होता. तुझं पोर कशानं गेलं ते मशीन उघडल्या दिवशी सांगेन. म्हणून चिमणाबाई आज सकाळपासून बाभळीखाली बसून होती. भाकरीचं गाठोडं तिनं सोडलंच नव्हतं.

कृष्णातनं चेन चालवणाऱ्या त्या डाव्या गिअरपेटीचं, फायनल ड्राइव्हचं, झाकण काढलं. आत बेअरिंगचा भुगा झाला होता. गिअरचे दात खाल्ल्यासारखे झिजले होते आणि एक तुटलेला दात मध्येच अडकून बसला होता. तळाशी लाल गाळ होता. त्यानं तो चिमटीत घेऊन चोळला. बोटांना खरखर लागली.

"रगतबिगत काय न्हाय," तो म्हणाला. मग हंबीररावांकडं वळून, आवाज न चढवता, "भेसळीचं तेल घातलंसा तुमी. त्या तेलानं खाल्लं माझ्या भावाला."

एरवी चार माणसांचा आवाज एकट्यानं काढणारे हंबीरराव आता खालच्या आवाजात बोलले. तेल सीलबंद होतं, अशी लेकराबाळांची शपथ त्यांनी घेतली. शपथ चौकीत घ्या, हा डबा मी तिकडं घेऊन निघालोय, असं कृष्णातनं सांगितलं. गडी आता खाणीकडं बघत नव्हते, मालकाकडं बघत होते. कृष्णातला वर्षभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

पण हातातलं काम अर्धं टाकायची त्याची रीत नव्हती. शिरोलीहून टेंपोतून आलेला नवा फायनल ड्राइव्ह त्यानं कप्पीवर चढवला, जागेवर बसवला, सगळे बोल्ट आवळले. तेलाचा नवा डबा स्वतः फोडला. वरच्या भोकाच्या काठाला तेल लागेपर्यंत ओतलं. बूच हातात घेतलं, तेवढ्यात चिमणाबाई उठून आली.

आकाराम कुणामुळं गेला त्याचं नाव विचारायला आली, असं त्याला वाटलं. नाव त्याच्या जिभेवरच होतं.

तिनं आधी चेनवरून हात फिरवला, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. तिनं ती उघडली. जोतिबाचा गुलाल. चैत्रातल्या यात्रेचा, पदराच्या गाठीत जपलेला. ती भोकाकडं वाकली. आत नको, बाहेरून लाव, असं म्हणत कृष्णातनं तिचा हात धरला.

"भाइरचा धुऊन जातोय की," ती म्हणाली. "आकाराम गेला त्येच्या आदल्या खंडेनवमीला असंच बूच उघडं हुतं. तू तेल बघून हात धुवाय गेलतास. तवा मूठभर गुलाल बोटानं आत लोटला हुता म्या. देव आतनं राखंल म्हटलं. त्येला कमी पडला असंल. ह्या बारीला वंजळभर घालू दे. कुणाचं तरी प्वारच बसणार न्हवं का हिच्यावर?"

कृष्णातनं जुन्या तेलाच्या डब्याकडं पाहिलं. तेलावर ऊन पडलं होतं आणि काठाला लागलेला गाळ काळा नव्हता, लालही नव्हता. गुलाबी होता. आपण इतका वेळ तो बघितलाच कसा नाही, हे त्याला कळेना.

"मग?" चिमणाबाईनं विचारलं. "कळलं का रं, कशानं गेलं माझं प्वार?"

त्यानं तिची मूठ हळूच वर नेली आणि तिच्याच बोटांनी गुलाल आपल्या कपाळाला लावून घेतला. बूच बसवलं. पाना घालून जीव खाऊन आवळलं. मग डबा उचलला आणि सगळं तेल खाणीच्या धुळीत पालथं केलं. आईकडं बघायचं त्यानं टाळलं.

"खाणीतल्यानंच चेन धरली, आई," तो म्हणाला. मग हंबीररावांकडं वळला.

"मालक, तुमचं तेल चांगलं हुतं. कोंबडं आणाय सांगा."