मधला जोड

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर मुजीबचं रेडियमचं दुकान आहे. कॉम्प्युटरमधल्या मराठी अक्षरांची खोड त्याला वीस वर्षांत पाठ झालीय. दिसायला सगळी एका रेघेखाली, पण आतून प्रत्येकाची रेघ वेगळी आणि शेजारच्याच्या डोक्यावर चढलेली. तशीच कटिंगला सोडली, तर मशीन चढलेल्या प्रत्येक जागी पातं फिरवतं आणि गाडीवर नावाऐवजी तुकडे चिकटतात. म्हणून स्क्रीनवरच एकेक अक्षर शेजारच्याशी वेल्ड करायचं, म्हणजे जोडून एक करायचं, आणि आत उरलेल्या रेघांच्या काड्या हातानं वेचून काढायच्या.

राहू गावचे सर्जेराव आप्पा नव्या ट्रॅक्टरवर दोन्ही मुलांची नावं टाकायला आले होते.

"मुजीब, दोघांची साइज सारखी ठेव बाबा. सूतभर जरी कमीजास्त झालं, तर मला घरात घ्यायचे न्हाईत."

मान अवघडेपर्यंत बसून मुजीबनं 'रविराज धनराज' साफ केलं. वर आपल्याकडून कौतुक म्हणून दोन नावांमधल्या मोकळ्या जागेतूनही रेघ ओढली आणि सगळं एकसंध करून टाकलं.

"बघा आप्पा, दोघं भाऊ एका रेघेत. आता ओढून काढले तरी वेगळे व्हायचे न्हाईत."

आप्पांनी वाकून स्क्रीनवरच्या दोन्ही नावांवरून बोट फिरवलं.

 

"लई झ्याक दिसतंय," ते म्हणाले. "पण तेवढा मधला जोड तोड. उद्या वाटणीत ट्रॅक्टर एकाकडं गेला, तर दुसऱ्याचं नाव न फाटता निघाया पायजे."