राघूची पक्कड

माझी बायको ठकू गेल्यापासून मला एकट्याला घास उतरत नव्हता. त्यात घरात रोज काहीतरी बिघडायचं. कधी नळ गळायचा, कधी पंखा थांबायचा. धाकटा भाऊ राघू सांजच्याला पक्कड घेऊन यायचा, नीट करायचा आणि "आता आलोच हाय तर वाढ, दादा," म्हणत माझ्यासोबत भाकर खायचा.

मागच्या महिन्यात राघू अचानक गेला. आता काही बिघडलं तर बोलवायचं कुणाला, हाच घोर लागला. मी सारखा नळाखाली हात धरून बघायचो.

काल भावजय डबा घेऊन आली.

"गजरा, महिना झाला, काहीच बिघडलं नाय. लई भीती वाटती."

"बिघडवणारा गेला न्हवं का, दादा," ती डबा उघडत म्हणाली. "बसा, जेवून घ्या."