मागचं हेल्मेट

टक.

मागच्या हेल्मेटने पुढच्या हेल्मेटवर टपली मारली आणि मागे बसलेल्या नवऱ्याने आकडा सांगितला, “अकरा.”

क्लच एकदम सोडला की मोटरसायकल गचका खाते. मागचा माणूस पुढे झेपावतो आणि त्याचं हेल्मेट चालवणाऱ्याच्या हेल्मेटवर आपटतं. नवऱ्याने परीक्षाच त्यावर ठरवली होती. सराव शून्यावर आला की मोठ्या रस्त्यावर एक फेरी, आणि त्या फेरीतही टक झालं नाही की ती पास. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या पटांगणात रोज सकाळी दोघं तासभर फेऱ्या मारत. गाडी पडली तर उगाच फुटतील म्हणून त्याने आरसे काढून घरी ठेवले होते. घरी आल्यावर ती कापड बेतायच्या खडूने कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला त्या दिवसाचा आकडा लिही. दोन आठवड्यांत ती चोविसावरून अकरावर आली होती.

“शिलाई मशीनचं पॅडल कसं हलक्या पायाने दाबतेस? मग इथेच का घिसाडघाई?” तो म्हणाला.

“मशीनवर माझ्या मागे कुणी बसत नाही.”

तो हसला. तेवढंही तिला दिवसभर पुरलं. बारा वर्षांच्या संसारात दार जरा जोरात लागलं तरी संध्याकाळपर्यंत धुसफुसणारा हा माणूस. पण महिन्यापूर्वी बदलीचं पत्र हातात पडलं आणि त्याचा स्वभावच पालटला. नवं गाव सात तासांवर होतं. आधी त्याने एकट्याने जायचं, तिच्या शिवणकामाची गिऱ्हाइकं इथे आहेत, पुढचं पुढे बघू, असं दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे त्याने ठरवलं होतं आणि तिने मान हलवली होती. गाडी तो तिच्यासाठी ठेवून जाणार होता. गॅसची टाकी कशी बदलायची, पाण्याची मोटर अडली तर कुठे ठोकायचं, फ्यूज कुठला, हे सगळं त्याने एकदाही न चिडता दाखवलं.

“उगाच नावं ठेवत होतीस बिचाऱ्याला,” तिची मोठी बहीण फोनवर म्हणाली. “बायकोला गाडी शिकवणारा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.”

तिलाही ते पटलं. उशिरा का होईना, माणूस वळणावर आला. आपण पास झालो की त्याच्याकडे बक्षीस मागायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. मलाही घेऊन चल, एवढंच म्हणायचं. गिऱ्हाइकं काय, जिथे माणसं कपडे घालतात तिथे मिळतात. बारा वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे एकदा मागून बघायला हरकत नव्हती.

अकराचे नऊ झाले, नऊचे परत बारा, मग सात. आणि मंगळवारी एकदम शून्य.

तिचा तिलाच विश्वास बसेना. पण मशीनचा टाकाही असाच बसतो. आठवडाभर दोरा तुटत राहतो आणि एका सकाळी शिवण आपोआप सरळ पडायला लागते. तोवर तो तिच्या खांद्यावर हात ठेवून बसायचा. त्या दिवशी त्याने हात ठेवला नाही. आपल्यावर भरवसा बसला, असं तिने धरलं.

“आता माझ्यावाचून तुझं काही अडणार नाही,” घरी परतताना तो म्हणाला.

हे वाक्य तिने चार दिवस जपलं. त्या चारही दिवशी कपाटाच्या दारावर शून्यच लिहिलं गेलं. त्याची बॅग मात्र भरून दाराशी आली होती.

रविवारी तो म्हणाला, “आज मोठ्या रस्त्यावर काढ. ही शेवटची.”

रस्ता मोकळा होता. दुकानं अजून उघडली नव्हती. पहिला गियर, दुसरा, तिसरा, कुठेच काही अडलं नाही. पुढच्या चौकात गाडी थांबली की मागे वळून म्हणायचं, असं तिने ठरवलं. शब्द जुळवता जुळवता डाव्या हाताला फर्निचरच्या दुकानाची लांबलचक काच आली. आपण दोघं कसे दिसतो ते बघावं, म्हणून तिने हौसेने तिकडे नजर टाकली.

ती ताठ बसली होती, हनुवटी वर करून. तो सीटच्या पार मागच्या टोकाला होता. दोन्ही हातांनी पाठीमागचा कॅरियरचा दांडा घट्ट धरून त्याने सगळं अंग मागे रेलून धरलं होतं आणि तोंड रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळवलं होतं. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस आरामात बसला असता.

टाकी, मोटर, फ्यूज, गाडी. एकेक गोष्ट तिच्या हवाली करून तो मोकळा होत गेला होता आणि ती त्याला माया समजत होती. तरीही मन मानेना. रस्ता नवा आहे, घाबरला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग खात्रीच करून घ्यावी म्हणून तिने तिसऱ्यावरून धाडकन दुसरा टाकला आणि क्लच मुद्दाम, एकदम सोडून दिला.

गाडीने जबर गचका खाल्ला. तिचे दात दातांवर आपटले. मान आखडून ती मागच्या टपलीची वाट बघत राहिली. टपली आली नाही.

“छान,” मागून त्याचा आवाज आला. “झालीस तू पास.”