माळ्यावरची कॅसेट

मुलीचा नवा गेम दोन वर्षांतच बंद पडला, म्हणून मोनिकाने कोल्हारच्या माहेरी माळ्यावरचा जुना टीव्ही गेम काढला. पंचवीस वर्षांनीही दिवा लागला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या.

लहानपणी अशा वेळी कानिफदादा कॅसेट हिसकावून घ्यायचा. "दे इकडं. तू फुकत न्हाई, थुकती." पेरू खाता खाता तो एकच फुंकर मारायचा आणि गेम सुरू व्हायचा. तिच्या डोळ्यात कचरा गेला तरी फुंकर त्याचीच. दादाला जाऊन सात वर्षं झाली होती.

मोनिकाने कॅसेट तोंडाशी नेली, तोच तिच्यावरची धूळ डोळ्यात गेली. जुन्या सवयीने तिने पापणी वर धरली आणि थांबली.

कॅसेटच्या फटीतून हलकी, उबदार फुंकर आली. तिला पेरूचा वास होता.