कोरा रकाना

कोर्टाने पाठवलेल्या मॅडमच्या फॉर्मवर ‘आरोपीचे चांगले गुण’ हा रकाना सकाळपासून कोराच होता. सुभान्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला होता. फाशी की जन्मठेप, हे ठरवण्याआधी न्यायाधीशांना त्याची चांगली बाजूही हवी होती. एरवी टपरीवर जगाचा निवाडा करणारं गाव आज चावडीत तोंड उघडेल तर शपथ!

पायरीवर बसलेल्या कौसाबाईसमोर बोलणार कोण? मेला, तो तिचाच एकुलता लेक. मारणारा फासावर जावा म्हणून तिने तीन वर्षं कोर्टाच्या खेपा घातल्या होत्या. आता ती नुसती गप्प बसली की झालं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

“थांबा ओ बाई,” कौसाबाई उठली. “लेक पुरात वाहून चालला होता, तवा सुभान्यानंच उडी टाकून काढला. लिहा.”

“मावशी, यामुळे त्याची फाशी टळेल कदाचित.”

“ठाऊक हाय. पर त्या उडीनं लेक बारा वर्षं जास्त जगला. ते खोटं कसं म्हणू?”

मॅडम लिहू लागल्या. कौसाबाई शेजारी टेकली. “आन् लेक तवा सातच वर्षांचा होता, तेबी लिहा.”