उद्यापासून नंबर आपला आपण फिरवायचा

बाहेरून कडी घालून नवरा कामावर गेला की ती रिसीव्हर उचलायची आणि ऑपरेटरबाई तिला आईचा फोन जोडून द्यायच्या. सहा वर्षं हेच चाललं होतं.

आज बाई म्हणाल्या, "उद्यापासून आमचं काम संपलं. सगळ्यांना पाच आकडी नंबर मिळालेत. आपला आपण फिरवायचा."

ती हळूच म्हणाली, "डायलचा नवा फोन आलाय घरी. यांनी त्याच्या डायललाच कुलूप घातलंय. किल्ली यांच्या खिशात."

बाईंनी आवाज खाली आणला.

"पाचपर्यंत मी आहे इथे. शेवटचं बोलून घ्या. लावू आईला?"

"नको. आई रोज 'सांभाळून घे' एवढंच म्हणते. पोलीस ठाण्यात लावा."